होस्टेलच्या पोरांसाठी साने गुरुजी हाताने लिहून रोजचा पेपर काढायचे

साने गुरुजी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? श्यामची आई, डोळ्यांतलं पाणी आणि शाळेच्या परिपाठातली प्रार्थना. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या मराठी शाळांमध्ये जून आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या फोटोला हार पडतो, चार भाषणं होतात आणि पुढच्या तासाची घंटा वाजते.

पण हा माणूस मुळात शाळामास्तर होता. नोकरी केली जेमतेम सहा वर्षं. तेवढ्यात पोरांना वाचायला, ऐकायला आणि बोलायला लावण्यासाठी त्याने जे उद्योग केले, ते आजच्या शाळांच्या लायब्ररीला लागू पडतात. तेच जरा सविस्तर बघू.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, दापोलीजवळच्या पालगडचा. घराणं खोताचं, पण वैभव उतरणीला लागलेलं. दापोलीच्या मिशन शाळेत काही वर्षं काढली, मग गरिबीमुळे औंध गाठलं, तिथून पुण्याचं नूतन मराठी विद्यालय. 1917 मध्ये आई गेली. पुढे बीए केलं आणि तत्त्वज्ञानात एमए करायला ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. 1924 मध्ये त्याच गावातल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले आणि शाळेच्या छात्रालयाची, म्हणजे होस्टेलची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

होस्टेलचा सुपरिंटेंडंट म्हणजे छडी, हे तेव्हाचं गणित. गुरुजींनी ते उलटं केलं. मुलांची अस्ताव्यस्त खोली दिसली की ते स्वतःच झाडून काढायचे, अंथरुणं आवरायचे, कपडे धुवायचे. पोरं ओशाळायची आणि दुसऱ्या दिवशी आपली आपण आवरायला लागायची.

खरी गंमत पुढे आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या या मुलांच्या हातात वाचायला काय द्यायचं? शाळेची पुस्तकं होती, पण ती परीक्षेसाठी. रेडिओ नव्हता. भारतात रेडिओचं नियमित प्रसारण सुरू झालं तेच 1927 मध्ये, आणि तेही मुंबईत. म्हणून गुरुजींनी 'छात्रालय' नावाचं दैनिक सुरू केलं. छापखाना नाही, वर्गणी नाही, सगळं हाताने लिहिलेलं. विचार करा, एका होस्टेलपुरता पेपर! वाचक मोजके, पण प्रत्येक वाचक संपादकाच्या ओळखीचा. कोण घरच्या आठवणीने रडतो, कोणाला अभ्यास जड जातो, हे त्या संपादकाला माहीत होतं.

1928 मध्ये पुढची पायरी आली, 'विद्यार्थी' हे मासिक. म्हणजे होस्टेलच्या भिंतीआड सुरू झालेला खटाटोप आता बाहेरच्या मुलांपर्यंत पोचला.

1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. धुळ्याचा तुरुंग, मग थेट तमिळ मुलखातलं त्रिचनापल्ली. तिथे तमिळ कैद्यांच्या सहवासात ते नुसते बसून राहिले नाहीत, 'कुरल' हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. 1932 मध्ये पुन्हा धुळे. या वेळी तुरुंगात विनोबा भावे होते आणि ते दर रविवारी गीतेवर बोलायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार. ती प्रवचनं गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' पुस्तकरूपात आपल्या हातात आहेत. टेपरेकॉर्डर नव्हता, साने गुरुजी होते.

मग नाशिकचा तुरुंग. 9 फेब्रुवारी 1933 ला लिहायला घेतलं आणि पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग कागदावर उतरला. या पुस्तकाची रचना कधी नीट पाहिलीय का? प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. 42 रात्री. श्याम रोज आश्रमातल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो, मित्र ऐकतात, मध्येच विचारतात. म्हणजे मराठीतलं हे सगळ्यात लाडकं पुस्तक मुळात एका गोष्टीच्या कट्ट्याच्या रूपात लिहिलंय. आपण मात्र ते मुलांना एकट्याने, मुकाट वाचायला देतो आणि वर धड्याखालचे प्रश्न सोडवायला सांगतो. हे मला तरी जरा विचित्र वाटतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत. 2015 पासून 15 ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, राज्यात वाचन प्रेरणा दिनही होतो. पण लायब्ररी म्हणजे कुलूपबंद कपाट आणि पुस्तक फाटलं तर दंड, असं जिथे असतं तिथे एका दिवसाच्या प्रेरणेने काय होणार? याच पट्ट्यात बदलापूरला 'ग्रंथसखा' हे वाचनालय आहे. श्याम जोशी नावाच्या शिक्षकाने ते उभं केलं. योगायोगाने हाही एक श्यामच.

गुरुजींची पद्धत शाळेच्या लायब्ररीत आणायची तर पैसा फार लागत नाही. एक फळा लायब्ररीबाहेर टांगायचा आणि मुलांनीच रोज त्यावर आपला पेपर लिहायचा. आज लोकल का रखडली, उल्हास नदीचं पाणी किती चढलं, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतीवर कोणती शिल्पं दिसली. त्यासाठी पुस्तकात शोधावं लागेल, मोठ्यांना विचारावं लागेल. मोबाईल हाताशी असेल तर आजीची मुलाखत रेकॉर्ड करायची आणि नंतर ऐकून कागदावर उतरवायची. धुळ्याच्या तुरुंगात गुरुजींनी तेच केलं होतं, फक्त यंत्राशिवाय.

उल्हासनगरमध्ये तर हे जास्तच रंगेल. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या रिकाम्या कल्याण कॅम्पमध्ये जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे कुठकुठल्या प्रांतांतले कामगार आले. एकाच वर्गात घरी सिंधी, हिंदी, तमिळ, मराठी बोलणारी पोरं बसतात. आणि नेमक्या त्याच वर्षांत साने गुरुजी एका कल्पनेने झपाटले होते, आंतरभारती. प्रांताप्रांतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचं साहित्य आपल्या भाषेत आणावं, यासाठी केंद्र उभारायचं होतं. त्यासाठी ते निधी मागत फिरले, पण हवा तेवढा पैसा जमला नाही.

या काळात मन खचावं असं बरंच घडत होतं. मे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं, ते यशस्वी झालं. पण आठ-नऊ महिन्यांत गांधीजींचा खून झाला आणि गुरुजींनी 21 दिवस अन्न सोडलं. त्यातून उठून 15 ऑगस्ट 1948 ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक काढलं. पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' त्यातूनच मुलांपर्यंत पोचली. आता पुतणीचं पत्र म्हणजे पुन्हा एका ओळखीच्या वाचकासाठीच लिहिणं. होस्टेलमधली सवय गेली नव्हती.

11 जून 1950 ला गुरुजी गेले. झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या होत्या. वय अवघं पन्नास.

तीन वर्षांनी आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई'वर सिनेमा काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाले आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. 2023 मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा त्याच पुस्तकावर सिनेमा केला, तोही मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट. आणि गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. त्या कथामालेचं काम एकच, मुलांना जमवायचं आणि गोष्ट सांगायची.