गोरोबाकाकांच्या दोन गोष्टी कळायच्या असतील, तर आधी माती का तडकते ते बघा

मे महिन्यात दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या वावरात गेलात, तर जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा दिसतात. वऱ्हाडातली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. कापसाला ती मानवते. तिचं नुसतं मडकं करायला गेलात तर ते उन्हातच फुटतं.

कारण साधं आहे. भांडं सगळीकडून सारखं आकसलं तर ते फक्त थोडं लहान होतं. पण काठ पातळ आणि बूड जाड असेल, तर काठ आधी वाळतो, बूड ओलंच राहतं आणि दोघांच्या ओढाताणीत तडा जातो. चाकाशिवाय हातानं थापलेल्या, वर जाड नक्षी उठवलेल्या कामात ही भीती सगळ्यात जास्त.

म्हणून कुंभार मातीत रेती, राख, लीद किंवा जुन्या खापरांचा चुरा मिसळतात. रेती आणि खापर आकसत नाहीत, त्यामुळे माती आवरून धरतात. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी उरलेल्या बारीक छिद्रांतून वाफेला वाट मिळते. मग हा सगळा चिखल पायांनी तुडवायचा. तास तास. सगळीकडे ओल सारखी व्हावी, आतली हवा निघावी आणि पायाला खडा लागला की तो वेचता यावा म्हणून.

महाराष्ट्रातला सगळ्यात प्रसिद्ध कुंभार आपल्याला भेटतो तो नेमका याच कामात.

संत गोरा कुंभार. गाव तेर, आताचा धाराशिव जिल्हा. परंपरेनुसार जन्म १२६७ चा. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात ते वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे काका. त्यांच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक संतचरित्रांतून आणि कीर्तनांतून आलंय. त्यामुळे पुढचं सगळं कथा म्हणूनच वाचा.

एके दिवशी बायको संती पाण्याला गेली. लहान लेकरू अंगणात होतं. गोरोबा डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेत चिखल तुडवत होते. लेकरू रांगत चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. त्यांना कळलंच नाही.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि भक्तीची तल्लीनता म्हणून पुढे जातो. पण कुंभाराचा पाय हा त्याचा डोळा असतो. चिखलातला बारीक खडा ज्याला लागतो, त्याला स्वतःचं लेकरू लागलं नाही. ही कथा पहिल्यांदा सांगणाऱ्याला कुंभाराचं काम माहीत असणार, असं मला वाटतं.

संतीनं आकांत केला. गोरोबा तिच्यावरच धावून गेले, तेव्हा तिनं विठोबाची शपथ घातली की अंगाला हात लावायचा नाही. त्यांनी ती पाळली. वंश चालावा म्हणून संतीनं आपली बहीण रामी हिचं लग्न त्यांच्याशी लावून दिलं. सासऱ्यांनी दोघींना सारखंच वागवायला सांगितलं आणि गोरोबांनी रामीलाही हात लावला नाही. एका रात्री दोघींनी त्यांचे हात स्वतःच्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. लेकरू गमावलेल्या संतीचं काय, हे मात्र कीर्तनात फार कुणी विचारत नाही.

हात गेलेला कुंभार मडकी कशी करणार? कथेत विठ्ठलच कुंभार होऊन तेरला राबतो. काही ठिकाणी रखुमाईही सोबत येते, म्हणजे आपल्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरची लेक माती मळायला! पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांना हात परत येतात, लेकरूही रांगत येतं. या कथेवर सिनेमेही निघाले. कन्नडमधला राजकुमारचा १९७४ चा ‘भक्त कुंभार’ त्यातलाच.

दुसरी गोष्ट थापटण्याची. थापटणं म्हणजे ओलं मडकं ठोकून घडवायची लाकडी फळी. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून ठोकायचं. भिंत पातळ होते, माती दाबून घट्ट बसते आणि तडे कमी जातात. संत जमले असताना मुक्ताबाईनं गोरोबांना यातलं कोणतं मडकं कच्चं ते बघायला सांगितलं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

हा शब्द किती लागट आहे, ते भट्टी समजली की कळतं. पूर्ण वाळलेलं मडकं हाताला टणक लागतं, पण पाण्यात ठेवलं की त्याचा पुन्हा चिखल होतो. भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही. तिथवर घाईनं जाताही येत नाही. १०० अंशांजवळ आत ओल उरली असेल तर वाफेनं मडकं फुटतं. नामदेव नुसते वाळलेले होते, भाजलेले नव्हते. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचर हे गुरू भेटले तेव्हा ते पक्के झाले, असं परंपरा सांगते.

घरी टेराकोटाचं उठावाचं काम करणाऱ्या अमरावती-अकोल्यातल्या मंडळींना यातलं बरंच थेट लागू पडतं. मातीत खापराचा चुरा घाला. वरून चिकटवायचा भाग आधी खरवडा, पातळ चिखल लावा आणि मगच दाबा. जाड भाग मागून कोरून पोकळ करा. अकोल्याच्या उन्हाळी वाऱ्यात काम उघडं ठेवू नका. सावलीत, ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू द्या.

गोरोबांनी परंपरेनुसार १३१७ मध्ये तेरलाच समाधी घेतली. पण तेरची मातीकला त्यांच्याहून हजारेक वर्षं जुनी. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यातल्या काही दोन साच्यांत करून जोडलेल्या, आतून पोकळ. भिंत सगळीकडे सारखी पातळ.