कोल्हापूरचे प्रकरण आणि आगरकर

ज्या राज्यात कारभार हाकणाऱ्याला कोणाला उत्तर द्यावे लागत नाही, त्या राज्यात अन्याय होतो ही गोष्ट नवलाची नव्हे. नवल याचे, की अशा राज्यात अन्यायाविषयी प्रश्न विचारणाराच अखेर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि मूळ प्रश्न मात्र न्यायालयाच्या दाराबाहेर तिष्ठत राहतो. १८८२ साली कोल्हापूरच्या प्रकरणात नेमके हेच घडले. त्या प्रकरणात तुरुंगात गेलेल्या दोघा तरुण संपादकांपैकी लोकमान्य टिळकांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्यांच्या शेजारच्या गोपाळ गणेश आगरकरांनी त्या अनुभवानंतर जी वाट धरली, ती अधिक एकाकी होती.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरात दारिद्र्य इतके, की शिक्षण हे जवळजवळ भिक्षेसारखे मागून घ्यावे लागले. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा विद्येच्या मागे त्यांचा प्रवास झाला. मध्यंतरी कचेरीत उमेदवारीही करावी लागली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगातला एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा अंगात घालण्याची पाळी त्यांच्यावर येई, ही आठवण महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. अशा मुलाने इतिहास व तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. व्हावे आणि सरकारी नोकरीची सुखाची वाट धरावी, अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. परंतु मोठ्या पगाराची आशा धरू नये, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ परहितासाठी वेचण्याचा आपला निश्चय आहे, असे या मुलाने आईला पत्राने कळवून टाकले. त्याने तो निश्चय अखेरपर्यंत पाळला.

डेक्कन कॉलेजात टिळकांशी जडलेल्या स्नेहातून आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारातून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे पहिले संपादकपद आगरकरांकडे आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते. पत्राला पुरते एक वर्ष होते न होते तोच कोल्हापूरचे प्रकरण उभे राहिले.

कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. राजाराम महाराजांचे १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निधन झाल्यावर त्यांना दत्तक घेण्यात आले होते. राजा अल्पवयीन, म्हणून सत्ता इंग्रज अधिकाऱ्यांच्या व त्यांच्या मर्जीतल्या कारभाऱ्यांच्या हाती; आणि दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे यांच्याकडे दरबारचा कारभार. महाराजांना वेड लागले आहे असे सांगितले जात होते. उलट त्यांचा छळ होत आहे, त्यांना वेडे ठरविण्याचा बेत आहे, अशी वदंता कोल्हापुरातून पुण्यापर्यंत पोहोचली होती. यातले खरे किती आणि खोटे किती, हे ठरविण्याचे साधन प्रजेपाशी नव्हते. दिवाण वरिष्ठांना जबाबदार, वरिष्ठ मुंबई सरकारला जबाबदार आणि मुंबई सरकार विलायतेला जबाबदार. या लांबलचक साखळीत कोल्हापूरच्या रयतेला कोठेही जागा नव्हती. जेथे विचारण्याची सनदशीर सोय नसते तेथे अफवा हीच लोकांची चौकशी समिती होते.

‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी महाराजांची बाजू घेऊन दिवाणांवर कडक टीका केली. दिवाणांच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या काही पत्रांचा आधार या लेखनाला होता. बर्वे यांनी मुंबईत अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी आपली फसगत झाल्याचे ओळखून क्षमायाचना केली. तथापि न्यायालयाने १८८२ च्या जुलैमध्ये दोघांनाही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा दिली. खटला चालू असतानाच चिपळूणकरांचे १७ मार्च रोजी निधन झाले होते, त्यामुळे शाळा आणि पत्रे दोन्ही पोरकी होण्याची वेळ आली. त्या कठीण प्रसंगी जामीन राहण्यास पुढे आले ते महात्मा फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे. फुल्यांवर चिपळूणकरांनी केलेली जहरी टीका ताजी असताना त्यांच्याच वर्तुळातून हा हात पुढे यावा, याला मनाचा मोठेपणा लागतो. खुद्द कोल्हापुरातही राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नाटक करून खटल्यासाठी निधी जमविला, आणि त्यात गोपाळ कृष्ण गोखले नावाच्या एका मुलाने भूमिका केली होती.

सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगातले दिवस १०१ भरले. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले मराठी रूपांतरही पुढच्याच वर्षी ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. राजवाड्यातले कपट आणि वेडाचे खरेखोटे सोंग यांचे ते नाटक कोल्हापूरच्या प्रकरणात होरपळलेल्या संपादकाने मराठीत आणावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

आता या खटल्याचा हिशेब मांडून पाहावा. पत्रे खरी की खोटी, हा प्रश्न न्यायालयाने निकालात काढला आणि तो योग्यच काढला. परंतु त्या तरुण राजाच्या प्रकृतीला आणि स्थितीला जबाबदार कोण, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे पहाऱ्यात असलेले शिवाजी महाराज ग्रीन नावाच्या इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. वय विशीतले. संपादकांनी आपल्या चुकीची किंमत १०१ दिवसांनी मोजली. ज्यांच्या ताब्यात राजाचा जीव होता, त्यांनी कोल्हापूरच्या रयतेसमोर उभे राहून एका दिवसाचाही हिशेब दिला नाही. येथेच बेजबाबदार सत्तेचे लक्षण उघडे पडते. प्रश्नकर्त्याचा पुरावा तोकडा पडला, की ती आपल्या निर्दोषत्वाचाच पुरावा मानते.

अशा अनुभवातून माणसे बहुधा दोहोंपैकी एका टोकाला जातात. काही कडवट होऊन गप्प बसतात, काही पुराव्याची पर्वा सोडून नुसता आरडाओरडा करतात. आगरकरांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी जाब विचारण्याचे क्षेत्र वाढविले. परकी सत्ता रयतेला उत्तर देत नाही हे खरेच. परंतु आठ वर्षांच्या मुलीला बोहल्यावर चढविणारा बाप, विधवेचे केशवपन करविणारे कुटुंब आणि हे सारे शास्त्राच्या नावावर खपविणारे पंडित, हे तरी कोणाला उत्तर देतात? जो समाज घरातल्या दुबळ्यांना जाब देत नाही, त्याने राज्यकर्त्यांकडून जाब मागावा कोणत्या तोंडाने, हा त्यांच्या पुढील लेखनाचा गाभा होय. या भूमिकेमुळेच सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला जाऊन १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी बाजूला साहाय्य केले ते कोल्हापूरच्या नाटकातल्या त्याच गोखल्यांनी.

इंग्रज सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या आगरकरांना लोकांनी हार घातले होते. समाजाविरुद्ध लिहिणाऱ्या आगरकरांची पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तीही त्यांनी सोसली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, तरी अध्यापन आणि लेखन थांबले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांचे देहावसान झाले. अंत्यविधीचा भार पत्नी यशोदाबाईंवर पडू नये म्हणून त्यासाठीचे पैसे त्यांनी आधीच बांधून ठेवले होते, असे सांगतात. मरणाचाही हिशेब चुकता करून गेलेला हा माणूस होता.

कोल्हापूरच्या गादीवर १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले ते शाहू महाराज. १८९४ साली त्यांच्या हाती राज्याधिकार आले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला आणि सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदाही केला. ज्या गादीच्या प्रकरणात आगरकरांना तुरुंग घडला, त्याच गादीवरून आगरकरांच्या जिव्हाळ्याच्या काही मागण्या कायद्याच्या रूपाने खाली आल्या. हे पाहण्यास ते उरले नव्हते. आणि असे श्रेय पाहावयास मिळावे म्हणून त्यांनी लिहिलेही नव्हते.

आज रयतेची प्रजा आणि प्रजेचे नागरिक झाले आहेत. दिवाण गेले, रेसिडेन्सी गेली. माहिती मागण्याचा अधिकार २००५ पासून देशभर कायद्याने मिळाला आहे. तरीसुद्धा कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे धाडणारी ती जुनी साखळी पुरती तुटली आहे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? याच कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. प्रश्न विचारण्यात आणि लोकांना विचारावयास शिकविण्यात ज्याने आयुष्य घालविले, त्याच्या खुनाला दहा वर्षे झाली तेव्हाही खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

अशा वेळी संताप येणे हे जिवंत मनाचे लक्षण आहे. परंतु नुसत्या संतापाने सत्तेचे काही बिघडत नाही; उलट आंधळा संताप तिच्या सोयीचाच ठरतो, हे बनावट पत्रांच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे. पुरावा पारखून घ्यावा, चूक झाल्यास ती कबूल करून तिची शिक्षा स्वतः भोगावी, आणि त्यानंतरही प्रश्न सोडू नये. शिवाय तोच प्रश्न आपल्या घराला, जातीला आणि पक्षालाही विचारावा. एवढे पथ्य पाळणारा नागरिक कोणत्याही सरकारला जड जातो. आगरकर आपल्या काळाला जड गेले ते याचमुळे. त्यांची जयंती साजरी करणे सोपे आहे. शाळेच्या वर्गात, कचेरीच्या टेबलावर आणि मतपेटीसमोर हे पथ्य सांभाळणे अवघड आहे. पण त्यांच्या ऋणाची फेड तेथेच व्हावयाची आहे.