कर्मवीर दादासाहेब गायकवाड : गावच्या चावडीवर दिल्लीची परीक्षा घेणारा नेता

आपल्या विद्यालयात दरवर्षी १४ ऑक्टोबर हा दिवस मोठ्या श्रद्धेने साजरा होतो. बुद्धवंदना होते, बावीस प्रतिज्ञांचे सामूहिक वाचन होते, वसतिगृहातील लहानथोर पांढऱ्या वस्त्रांत रांगेने उभे राहतात. दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडतो आणि तो मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. तो दिवस कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जयंतीचा. इतिहासाच्या तासाला त्यांचे नाव घेतले की विद्यार्थी काळाराम मंदिर सत्याग्रहापर्यंत येऊन थांबतात. पाठ्यपुस्तकांतही बहुधा तेवढेच असते. परंतु त्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षे हा माणूस राजकारणात होता, कायदेमंडळात बसला, संसदेत गेला, तुरुंगातही गेला. या सर्व काळात त्यांनी देशाच्या कारभाराकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर विद्यार्थ्यांना कळावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

आंबे गाव ते काळाराम मंदिर

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी, महार कुटुंबात झाला. ते पदवीधर नव्हते. खेड्यातले जगणे, गावकीची कामे आणि शेतीचे अर्थकारण हेच त्यांचे खरे विद्यापीठ होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत ते तरुणपणीच आले. नाशिकमधील अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम त्यांनी सांभाळले, ही गोष्ट आपल्यासारख्या निवासी शाळेने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा स्थानिक संघटनेचा भार प्रामुख्याने त्यांच्याच खांद्यावर होता. तो लढा सुमारे पाच वर्षे चालला. लाठ्या, दगड, बहिष्कार, खटले, तुरुंगवास हे सारे नाशिकच्या खेड्यापाड्यांतील माणसांनी सोसले आणि त्या माणसांना एकत्र ठेवण्याचे अवघड काम दादासाहेबांनी केले.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाऐवजी शिक्षण आणि राजकारण यांवर शक्ती केंद्रित करण्याची दिशा दिली. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातच येवला येथे धर्मांतराची घोषणा झाली. देवळाच्या दारावरून चळवळ निघाली ती कायदेमंडळाच्या दाराकडे.

वतन, विधिमंडळ आणि सरकार

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि १९४६ पर्यंत सदस्य राहिले. खेड्यातल्या महाराला सरकार म्हणजे काय हे कोणत्या अनुभवातून कळत होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. महार हा वतनदार, म्हणजे कागदोपत्री सरकारचाच नोकर. सरकारी टपाल पोहोचवणे, अंमलदार गावात आला की त्याच्या दिमतीला राहणे, वसुलीसाठी माणसे बोलावून आणणे, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणे ही त्याची कामे. मोबदला म्हणजे वतनी जमिनीचा पिढ्यान्पिढ्या वाटला जाऊन उरलेला तुकडा आणि घरोघर मागून आणलेले बलुते. ही वेठबिगारी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले होते. दादासाहेबांच्या पिढीने हा विषय गावोगाव नेला. ज्या सरकारची चाकरी करायची त्याच सरकारकडे न्याय मागायचा, या विचित्र स्थितीतून त्यांचे राजकीय शिक्षण झाले.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा आणि नाशिक या जिल्ह्यांतून माणसे आली होती. आज जिथे आपले नवी मुंबई शहर उभे आहे, तो सारा मुलूख त्या काळी ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत विभागलेला होता, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या मोर्चात स्पृश्य कुणबी आणि अस्पृश्य महार एकाच मागणीसाठी चालले. पोटाच्या प्रश्नावर जातीच्या भिंतीपलीकडची एकजूट होऊ शकते, हा धडा दादासाहेबांनी आयुष्यभर विसरला नाही.

कायदा होतो, जमीन मिळत नाही

स्वातंत्र्य आले, संविधान आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा झाला आणि अवघ्या काही आठवड्यांत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर लगेचच आलेल्या १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

या काळात जमिनीविषयीचे कायदे एकामागून एक होत होते. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कूळ जमिनीचे मालक होण्याचा मार्ग खुला झाला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपुष्टात आली. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. कागदावर पाहिले तर ही क्रांतीच होती. पण कुळकायद्याचा लाभ कोणाला? ज्याचे नाव कूळ म्हणून दप्तरात होते त्याला. दलित शेतमजुराचे नाव कुठल्याच रकान्यात नव्हते. तो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, पण कायद्याच्या भाषेत तो कूळ नव्हता. वतने गेली, सक्तीची चाकरी संपली, ही मोठीच मुक्ती होती. परंतु वतनी जमीन परत मिळण्यासाठी सरकारात रक्कम भरावी लागे आणि ती मिळाली तरी सात-बारावर नव्या शर्तीची अट बसे. गावाभोवती गायरान आणि पडीक जमीन होती. ती कसून पोट भरणाऱ्यावर अतिक्रमणाचा दंड बसत होता.

दादासाहेबांच्या राजकारणाचा गाभा येथे सापडतो. दिल्लीत अगर मुंबईत कोणता कायदा मंजूर झाला, यावर ते सरकारची परीक्षा घेत नव्हते. तो कायदा तलाठ्याच्या दप्तरात कोणाच्या नावापुढे उतरला, ही त्यांची कसोटी होती. संसदेत बसूनही त्यांनी गावची चावडी नजरेआड होऊ दिली नाही.

धोतर आणि पाटलोण

या भूमिकेमुळे पक्षातच मोठा वाद झाला आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच रिपब्लिकन पक्ष दुभंगला. एका बाजूला बी. सी. कांबळे यांच्यासारखे उच्चशिक्षित, कायदा जाणणारे नेते होते. दुसऱ्या बाजूला दादासाहेब आणि त्यांच्यामागे खेड्यापाड्यांतील जनता. लोक या दोन गटांना दुरुस्त आणि नादुरुस्त म्हणू लागले. कोणी धोतरवाले आणि पाटलोणवाले असेही म्हणत. दादासाहेब धोतर नेसत.

हा वाद केवळ व्यक्तींचा नव्हता. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात असे बजावले होते की सनदशीर मार्ग उपलब्ध झाल्यानंतर सत्याग्रह, असहकार यांसारखे मार्ग सोडून दिले पाहिजेत, अन्यथा अराजक माजेल. मग त्यांच्याच अनुयायांनी भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह करणे आणि डाव्या पक्षांशी हातमिळवणी करणे योग्य कसे, असा विरोधकांचा प्रश्न होता. प्रश्न वजनदार होता आणि आजही तो सहज बाजूला सारता येत नाही.

परंतु त्याच भाषणात बाबासाहेबांनी दुसराही इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर झाली नाही तर विषमतेने होरपळलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त करतील. १९४७ मधील आपल्या राज्य आणि अल्पसंख्याक या निवेदनात तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, अशी योजना मांडली होती. मार्च १९५६ मध्ये आग्रा येथे खेड्यांतील भूमिहीन बांधवांसाठी आपण फारसे काही करू शकलो नाही, याची खंत त्यांनी व्यक्त केल्याचे चळवळीत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. दादासाहेबांनी हा दुसरा इशारा आपला मानला. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला असे वाटते की त्यांनी संविधान नाकारले नाही. संविधानाखाली झालेले कायदे अमलात आणा, एवढ्यासाठीच त्यांनी लोकांना तुरुंगात नेले. किमान वेतनाचा कायदा, अस्पृश्यता गुन्हे कायदा हे सरकारचेच कायदे होते. ज्या माणसाला न्यायालयाची पायरी परवडत नाही, त्याला सनदशीर मार्ग खुला आहे असे म्हणणे कितपत खरे, हा त्यांचा प्रतिप्रश्न होता.

भूमिहीनांचा सत्याग्रह

१९५९ मध्ये मराठवाडा, खानदेश, नाशिक, अहमदनगर या भागांत भूमिहीनांचा पहिला मोठा सत्याग्रह झाला. १९६२ ते १९६८ या काळात दादासाहेब राज्यसभेचे सदस्य होते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद सादर केली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, कसेल त्याची जमीन व्हावी, पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, धान्याचे योग्य वाटप करून भाववाढ रोखावी, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारावी, किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी करावी, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्याव्यात, दलितांचा छळ थांबवावा, अस्पृश्यता गुन्हे कायद्याखाली पूर्ण न्याय मिळावा आणि नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० पर्यंत भराव्यात, अशा त्या मागण्या होत्या. खेड्यातला मजूर, शहरातला झोपडीवासी आणि नोकरीच्या प्रतीक्षेतील सुशिक्षित तरुण या तिघांना एका सनदेत आणणारा हा कागद विद्यार्थ्यांनी मुळातून अभ्यासावा असा आहे.

६ डिसेंबर १९६४ या महापरिनिर्वाण दिनापासून देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. चळवळीच्या नोंदींनुसार तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांनी अटक करवून घेतली. कडेवर मूल घेऊन माता तुरुंगात गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या दादासाहेबांच्या बरोबरीने उभ्या होत्या. एवढ्या मोठ्या संख्येने लोक उतरूनही लढा शांततेने पार पडला, यातच बुद्धाच्या मार्गावरील निष्ठा दिसते.

उणी बाजू

चरित्र लिहिताना केवळ गौरव करणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. ज्या काँग्रेस सरकारविरुद्ध दादासाहेब लढले, त्याच काँग्रेसशी त्यांच्या गटाने १९६७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकांसाठी समझोता केला. सत्तेत थोडा वाटा मिळाल्याशिवाय खेड्यातल्या माणसाचे काम होत नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. पण परिणाम हिशेबाप्रमाणे झाला नाही. पक्षाचे स्वतंत्र तेज कमी झाले, फुटीवर फुटी झाल्या आणि पुढच्या तरुण पिढीने या राजकारणाकडे रागाने पाहिले. त्या रागात अन्याय नव्हता, असे मी म्हणणार नाही; पण तो निराधारही नव्हता. १९६८ मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

सनदेचे पुढे काय झाले

२ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. १२ एप्रिल १९९० रोजी मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले. त्याच वर्षी बौद्धांना केंद्र सरकारच्या सवलती मिळाल्या. म्हणजे सनदेतील या मागण्या उशिरा का होईना, पूर्ण झाल्या. राज्य शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. २००४ मध्ये दादासाहेबांच्याच नावाने योजना आली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची. मात्र शासनाच्या दराने जमीन विकणारा मालक सहजी मिळत नाही, ही तिची कायमची अडचण. तैलचित्राला एक भिंत पुरली; जमिनीसाठी कोणाच्या तरी ताब्यातून काही तरी सोडवावे लागते. म्हणून सनदेतील जमिनीचे कलम सर्वांत मागे राहिले.

दर जूनमध्ये वसतिगृहाच्या प्रवेशाचे अर्ज तपासताना मला ही सनद आठवते. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली कुटुंबे. कोणी तुर्भ्याच्या बाजारात हमाली करतो, कोणी दगडखाणीवर, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते. अर्जाला जोडलेल्या तलाठ्याच्या दाखल्यावर भूमिहीन हा शब्द असतो. मूल दहा-बारा वर्षांचे, आणि हा शब्द त्याच्या आजोबांपासून चालत आलेला. आजोबांपैकी कोणी १९६४ च्या हिवाळ्यात तुरुंगात गेले होते का, हे मी मुलांना घरी विचारायला सांगतो. कधी कधी एखादे मूल दिवाळीच्या सुट्टीनंतर होकार घेऊन येते. त्या दिवशी इतिहासाच्या तासाला पाठ्यपुस्तक उघडावे लागत नाही.

यंदाच्या १५ ऑक्टोबरला आपल्या विद्यालयात दादासाहेबांच्या प्रतिमेपुढेही मेणबत्ती लागावी आणि त्या दहा मागण्यांचे वाचन व्हावे, एवढीच या निमित्ताने विनंती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!