देश सावकार झाला तेव्हा

आमच्या तिवस्याकडे देशमुख म्हटले की आधी पंजाबराव आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारी सेवेत सुमारे वीस वर्षे काढलेले दुसरे एक देशमुख होते : चिंतामणराव. येणे आणि देणे यांतला फरक कापूसवाल्यांच्या घरी वाढलेल्या माझ्यासारख्याला कोणी शिकवावा लागत नाही. चिंतामणरावांना मात्र तो एका अख्ख्या देशाच्या वतीने अनुभवावा लागला.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ च्या मॅट्रिकमध्ये ते पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे केंब्रिजला शिकून १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेतही ते पहिलेच आले. मग आपल्या प्रांतात जमाबंदीपासून अर्थखात्यापर्यंतची कामे त्यांनी केली. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तो काळ महायुद्धाचा होता. इंग्रज सरकार सैन्यासाठी येथून धान्य, कापड, ताग उचलत असे. त्याची किंमत पौंडांत लंडनला जमा होई आणि तिच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा छापी. युद्धकाळात चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल गेला, महागाई राहिली! युद्ध संपले तेव्हा भारताचे इंग्लंडकडे सुमारे सतराशे कोटी रुपयांचे येणे होते. शतकभराचा ऋणको सावकार झाला होता, पण तिजोरीची किल्ली मात्र कुळाच्याच हाती होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांचा पाया तेथे घातला गेला. भारतीय प्रतिनिधी मंडळाचे नेते इंग्रज होते, पण चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांनी आपली बाजू नेटाने मांडली. गरीब देशांच्या विकासाची जाण नव्या संस्थेच्या उद्दिष्टांत असावी आणि अडकलेल्या पौंडांपैकी काही भाग तरी डॉलरमध्ये बदलून मिळावा, अशी ती बाजू होती. दुसरी मागणी फेटाळली गेली; युद्धातली देणी हे निधीचे काम नव्हे, असे बड्या राष्ट्रांनी ठरवले. निधीत भारताचा वाटा मात्र ४० कोटी डॉलरचा ठरला. रशिया बाहेर राहिल्याने भारत पहिल्या पाच सभासदांत आला.

पुढे पौंड हप्त्याहप्त्यांनी सुटले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि जे येणे उरले होते त्याची डॉलरमधली किंमत सुमारे तीस टक्क्यांनी घटली. त्याआधीच, ऑगस्ट १९४९ मध्ये, भारताने रेल्वेसाठी जागतिक बँकेकडून ३ कोटी ४० लाख डॉलरचे पहिले कर्ज घेतले होते. सावकार पुन्हा ऋणको झाला.

१९५० मध्ये चिंतामणराव अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी बँक आणि निधीच्या पॅरिस येथील संयुक्त सभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. तोवर देशात धान्यटंचाई होती. अमेरिकेकडे मागितलेल्या वीस लाख टन गव्हावर तिथल्या काँग्रेसमध्ये महिनोन्‌महिने खल चालला. गव्हाच्या बदल्यात भारताने मँगनीज, मोनाझाइट अशी खनिजे द्यावीत, असाही आग्रह झाला. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. गहू आला, पण भुकेल्याला दारात किती वेळ उभे राहावे लागते हेही देशाला कळले.

१९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा माणूस आकड्यांतही तितकाच रमे. मला त्यांच्या आयुष्यातून एकच गोष्ट उमगते. कर्ज घेणे ही लाज नव्हे. आपले येणे वेळेवर वसूल करता न येणे, ही खरी गरिबी. आमच्या शेतकऱ्याला कापसाचे चुकारे थकले की नेमके हेच कळते.