आल्बर्ट मेयर आणि दिल्लीचा बृहद् आराखडा

आल्बर्ट मेयर यांचा जन्म १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे अभियंते म्हणून ते भारतात आले आणि १९४५ साली जवाहरलाल नेहरूंशी झालेल्या परिचयामुळे येथील कार्याशी कायमचे जोडले गेले. मुंबईचे अभियंते ना. वि. मोडक यांच्यासह त्यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा सिद्ध केली. मराठी वाचकाला त्यांचे नाव परिचित आहे ते प्रामुख्याने यामुळे.

१९४८ साली त्यांनी इटावा जिल्ह्यात ग्रामविकासाचा प्रयोग आरंभिला. १९५२ च्या सामूहिक विकास योजनेला त्याचा आधार लाभला. लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी चंडीगढचा पहिला आराखडाही त्यांचाच. परंतु १९५० मध्ये सहकारी मॅथ्यू नोविकी विमान अपघातात निवर्तले आणि ते काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले.

फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्याने दिल्लीची लोकसंख्या १९४१ ते १९५१ या दशकात जवळजवळ दुपटीला पोहोचली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून काविळीची भीषण साथ आली आणि नियोजनाची निकड सर्वांना पटली. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञमंडळाचे नेतृत्व मेयर यांनी केले. १९६२ साली अमलात आलेल्या आराखड्यात शेजारवस्तीची कल्पना, हरितपट्टा आणि गाझियाबाद, फरीदाबाद, गुडगाव यांसारखी भोवतालची नगरे होती. त्याच्या मुळाशी एक गृहीत होते : जमीन शासनाने संपादन करावी आणि विकासही शासनानेच करावा.

हे गृहीत नेहरूकालीन अर्थकारणाचे अपत्य होते. पुढे राजकारण पालटले. आणीबाणीत दिल्लीतील वस्त्या पाडण्यात आल्या. हरियाणाच्या १९७५ च्या कायद्याने खाजगी विकासकांना वसाहतींचे परवाने मिळू लागले आणि गुडगाव त्यांच्या हाती घडले. १९८५ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ आले; १९९१ च्या उदारीकरणानंतर, २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या आराखड्याने खाजगी सहभागाला अधिकृत स्थान दिले.

मेयर १९८१ साली निवर्तले. पहिल्या आराखड्याची मुदतही त्याच वर्षी संपत होती. त्यांची योजना अंशतः फसली, ती केवळ रेखाटनातील दोषांमुळे नव्हे. जे शासन ती राबवील असे त्यांनी मानले होते, त्याचे स्वरूपच बदलले. नगराचा आराखडा हाही आपल्या काळाचा ग्रंथ असतो. त्यातील रस्त्यांइतकेच त्यामागील राज्यसंस्थेचे चित्रही वाचावे लागते.