चालणाऱ्यांची जागा सगळ्यात वर!

सेकंड इयरच्या ओरलला सरांनी विचारलं होतं, फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे काय? मी घडाघडा फॉर्म्युला सांगितला. मग त्यांनी विचारलं, पण तो घ्यायचा कशासाठी? मी गप्प! कॉन्व्हेंटमध्ये पाठांतर छान करून घेतात हो, पण कशासाठी ते कुणी विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर मला पुढे एका माणसाच्या आयुष्यात सापडलं. त्याचं नाव जॉन रोब्लिंग, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा निर्माता.

जॉनचा जन्म १२ जून १८०६ रोजी आत्ताच्या जर्मनीतल्या म्यूलहाउझेन या गावी झाला. बर्लिनला तो इंजिनिअरिंग शिकला, पण नवीन काही करायला तिथे वाव मिळेना. म्हणून १८३१ साली भावाबरोबर त्याने अमेरिका गाठली. पेनसिल्व्हेनियात सॅक्सनबर्ग नावाची वसाहत वसवली आणि इंजिनिअर असूनही चक्क शेती करायला लागला! शेती काही जमली नाही. पुन्हा कालव्यांच्या कामावर रुजू झाला. तिथे अख्ख्या बोटी गाड्यांवर चढवून डोंगरावरून ओढून नेत. त्यासाठी वापरायचे ते जाडजूड ताग-दोर झिजून तुटायचे आणि माणसं मरायची. जॉनने लोखंडी तारांचा दोर वळून दाखवला. हाच दोर त्याचं भाग्य ठरला. १८५५ मध्ये नायगाराच्या घळीवर त्याने झुलता पूल बांधला आणि त्यावरून चक्क रेल्वे नेली. असल्या पुलावर रेल्वे टिकणार नाही, असं भले भले इंजिनिअर म्हणत होते.

त्या काळात झुलते पूल वाऱ्याने कोसळायचे. १८५४ साली व्हीलिंगचा मोठा पूल असाच पडला. म्हणून जॉन नुसत्या केबलवर भरवसा ठेवत नसे. तिरके ताण आणि ट्रस देऊन तो पूल ताठ करायचा, आणि ब्रुकलिनच्या केबल त्याने गरजेच्या सहापट मजबूत धरल्या. सहापट! आपण ओरलला सांगतो तो आकडा त्याने असा वापरला.

न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या मध्ये ईस्ट रिव्हर आहे. हिवाळ्यात ती गोठली की फेरी बोटी अडकून पडत. अशाच एका बोटीत मुलाबरोबर अडकला असताना त्याच्या डोक्यात पुलाची कल्पना आली, असं सांगतात. १८६७ मध्ये तो चीफ इंजिनिअर झाला आणि त्याने आराखडा मांडला. मधला गाळा जवळजवळ १६०० फुटांचा. बाजूने घोडागाड्या, आतून केबलवर ओढली जाणारी रेल्वे, आणि या सगळ्यांच्या वर, बरोबर मध्यभागी, फक्त चालणाऱ्यांसाठी एक उंच रस्ता. आता विचार करा, पुलाची कमाई गाड्यांवर आणि रेल्वेवर. चालणारा काय देणार? पूल सुरू झाला तेव्हा त्याचा टोल होता फक्त १ सेंट! तरी सगळ्यात चांगली जागा जॉनने त्यालाच दिली. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांनाही मोकळ्या हवेत फिरता आलं पाहिजे, गर्दीच्या शहरात अशा जागेची किंमत करताच येणार नाही, असं त्याने रिपोर्टात मांडलं होतं.

पण हाच माणूस भयंकर हट्टी होता. २८ जून १८६९ ला तो फेरीच्या धक्क्यावर मोजमाप घेत उभा होता. एक बोट येऊन धडकली आणि त्याचा पाय चिरडला. बोटं कापावी लागली. पुढे त्याने डॉक्टरांचं ऐकलंच नाही, पाण्याच्या उपचारांनीच बरा होईन म्हणाला. धनुर्वात झाला आणि २२ जुलैला तो गेला. पुलाच्या बाबतीत सहापट काळजी घेणाऱ्याने स्वतःसाठी मात्र काहीच फॅक्टर ठेवला नाही.

काम मुलाने, वॉशिंग्टनने हातात घेतलं. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करून तो कायमचा आजारी पडला. मग त्याची बायको एमिली हे सगळं गणित शिकली आणि त्याच्या सूचना साइटवर पोचवत राहिली. १८७८ मध्ये कळलं की कंत्राटदाराने खराब तार खपवली आहे. केबलमध्ये गेलेली तार परत काढता येईना. ज्यादा तारा घातल्या, पण पूल वाचला तो मुळात त्या सहापट हिशोबामुळे. सर, हे घ्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर!

२४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला आणि पहिल्याच दिवशी सुमारे दीड लाख माणसं चालत गेली. नंतर त्या वरच्या रस्त्यावर सायकलीही आल्या. मध्ये पट्टा मारून एका बाजूला चालणारे, दुसऱ्या बाजूला सायकलवाले. रस्ता अरुंद, त्यात फोटो काढणारे टुरिस्ट, मागून सायकलची घंटी आणि रोजची भांडणं! शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये खालच्या रस्त्यावरची मोटारींची एक लेन काढून ती सायकलींना दिली. वरचा रस्ता पुन्हा फक्त चालणाऱ्यांचा झाला. म्हणजे जागा कमी पडली तेव्हा ती मोटारींकडून घेतली, चालणाऱ्यांकडून नाही.

'कल हो ना हो'मध्ये हा पूल आपण सगळ्यांनी पाहिलाय. जॉन मात्र त्यावरून एकदाही चालला नाही.

मी कॉलेजला येते त्या पुलावरही फूटपाथ आहे, बरं का. दोन फुटांचा, त्यात मध्येच विजेचा खांब. खांब आला की मी रस्त्यावर उतरते आणि मागून बसचा हॉर्न वाजतो. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी असा एखादा पूल डिझाइन करणार आहे. ड्रॉइंगवर पहिली रेघ कुणासाठी ओढायची, एवढं तेव्हा आठवलं तरी पुरे!