पर्सी विल्यम्स ब्रिजमन

पर्सी विल्यम्स ब्रिजमन (२१ एप्रिल १८८२ – २० ऑगस्ट १९६१) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. अत्युच्च दाब निर्माण करणारी उपकरणे आणि त्यांच्या साहाय्याने केलेले संशोधन यांसाठी त्यांना १९४६ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अतिशीत तापमानाला लोह आणि त्याची काही संयुगे दाबाखाली अतिसंवाहक बनतात, म्हणजे त्यांचा विद्युत रोध शून्य होतो. हा शोध ब्रिजमन यांच्या निधनानंतरचा असला, तरी त्याची वाट त्यांच्या प्रयोगशाळेतूनच जाते.

जीवन व कार्य

ब्रिजमन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. १९०० साली ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि १९५४ मधील निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. पाऱ्याच्या विद्युत रोधावरून दाब मोजण्याच्या पद्धतीवर त्यांनी १९०८ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे तीनच वर्षांनी, १९११ मध्ये, लायडेन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांना अतिसंवाहकता प्रथम आढळली, तीही पाऱ्यातच.

दट्ट्या आणि दंडगोल यांमधील फटीतून द्रव गळतो व दाब टिकत नाही, ही तेव्हाची मुख्य अडचण होती. ब्रिजमन यांनी सांध्यातील मऊ गादी अशा रीतीने बसविली की तिच्यावरील दाब आतल्या द्रवाच्या दाबापेक्षा नेहमीच ठरावीक पटीने अधिक राहावा. परिणामी दाब वाढेल तशी सांध्याची पकड घट्ट होत जाई. मर्यादा उरली ती केवळ पोलादाच्या बळाची. पूर्वसूरींना सुमारे ३,००० वातावरणांपर्यंतच जाता आले होते. ब्रिजमन १,००,००० वातावरणांच्या घरात पोहोचले. त्यांनी बर्फाची नवी रूपे शोधली आणि १९१४ साली काळा फॉस्फरस प्रकाशात आणला. संकल्पनेचा अर्थ ती मोजण्याच्या कृतीतच असतो, हा त्यांचा विचार १९२७ च्या ग्रंथामुळे तत्त्वज्ञानातही चर्चिला गेला. रॉबर्ट ओपेनहायमर हे त्यांचे विद्यार्थी होते.

लोहाचा शोध

१९५६ साली अमेरिकेतील अन्य संशोधकांनी आघातलहरींच्या प्रयोगांत सुमारे १,३०,००० वातावरणांना लोहाची रचना बदलत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी चौऱ्याहत्तर वर्षांच्या ब्रिजमन यांनी लोहाचा रोध दर चौरस सेंटिमीटरला १,७५,००० किलोग्रॅम दाबापर्यंत मोजला. पण अपेक्षित उडी त्यांना दिसली नाही. त्यांच्या अत्युच्च दाबमापनाचे आकडे प्रत्यक्षापेक्षा बरेच मोठे होते, हे पुढे स्पष्ट झाले. मोजमापाला सर्वस्व मानणाऱ्या या शास्त्रज्ञाला मापनश्रेणीनेच चकविले, असे म्हणावे लागते. असाध्य कर्करोगाने ग्रासले असता १९६१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील रँडॉल्फ येथे त्यांनी आपले जीवन संपविले.

त्यांच्या हातून निसटलेले लोहाचे तेच रूप पुढे महत्त्वाचे ठरले. सामान्य लोह लोहचुंबकी असते आणि असे चुंबकत्व अतिसंवाहकतेसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडते. दाबाने अणूंची मांडणी घनीयऐवजी षट्कोनी होते व लोहचुंबकत्व नाहीसे होते. २००१ साली जपानी संशोधकांना असे लोह सुमारे १,५०,००० ते ३,००,००० वातावरणांच्या दरम्यान, २ केल्विनच्या आसपास, अतिसंवाहक आढळले. त्यासाठी वापरलेली हिऱ्याची ऐरण हे ब्रिजमन यांच्या समोरासमोरच्या टंगस्टन कार्बाइड ऐरणींचेच विकसित रूप होय.

२००८ मध्ये तोक्योतील हिदेओ होसोनो यांच्या गटाला लोह-आर्सेनिकयुक्त संयुगात २६ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. सुमारे ४०,००० वातावरणांच्या दाबाखाली हे तापमान ४३ केल्विनपर्यंत चढले. लोह सेलेनाइडचे ८ केल्विन दाबाखाली सुमारे ३७ पर्यंत गेले. बेरियम, लोह व आर्सेनिक यांचे संयुग तर सामान्य दाबाला अतिसंवाहक नसतेच. दाबाने त्यातील चुंबकी क्रम मोडू लागतो, तेव्हा ते अतिसंवाहक होते. दाब सर्व बाजूंनी सारखा आहे की नाही, यावरही अशा प्रयोगांचे निष्कर्ष बदलतात. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही उच्चदाब भौतिकीचे संशोधन दीर्घकाळ चालत आले आहे.